छातीवरचे काळे केस

आमच्या ह्यांना माणसाकडे माणसासारखं बघता येत नाही. समोरचा नमस्कार करतो, हे त्याच्या पापण्या बघतात. समोरचा हवापाण्याचं बोलतो, ह्यांची नजर त्याच्या कानाच्या पाळीवर. तो वळला की मानेवर. आणि तो बिचारा आमच्या दारातून बाहेर पडतो न पडतो तोच हे मागून पुटपुटणार, "ह्याने साखर तपासून घ्यायला हवी."

मीटर बघायला येणारा सुटला नाही, टपालवाला सुटला नाही. पडद्याच्या कापडाच्या दुकानदाराला तर तोंडावर सांगितलं, "तुमच्या पापणीवर पिवळे डाग आलेत, चरबी तपासा." मी तीन वार कापड घ्यायला गेले होते. रिकाम्या हाताने परत आले, आणि अजून त्या गल्लीतून जायचं झालं तर पलीकडच्या बाजूने जाते.

लोकांना वाटतं हे डॉक्टर असतील. नाहीत. हे हृदयाच्या मोठ्या हॉस्पिटलात रोग्यांचे केस काढतात. बायपासचं ऑपरेशन असलं की आदल्या दिवशी माणसाच्या गळ्यापासून घोट्यापर्यंतचे केस काढावे लागतात. छातीचे काढायचे, कारण छाती उघडायची असते. पायाचे काढायचे, कारण पायातली शीर काढून ती हृदयाला जोडायची असते. बायकांच्या वॉर्डात हे काम आया करतात, पुरुषांचं आमचे हे. एकतीस वर्षं झाली. सर्जन कितीही मोठा असो, त्या छातीला पहिला हात ह्यांचा लागतो, हे मी कुणालाही ऐकवते.

पूर्वी वस्तरा होता. ह्यांच्या हातात वस्तरा म्हणजे लोण्यावरून सुरी. मग एक दिवस वरून हुकूम आला, वस्तरा बंद. दिसणार नाही इतका बारीक ओरखडा उठला तरी त्यातून जंतू आत जातात, आणि आताच्या रोग्यांना साखर असते, त्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत. म्हणून आता केस कापायचं मशीन, आणि कापलेले केस चिकटपट्टीने उचलायचे. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळे वस्तरे पुसून, तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, "माझ्या हातून ओरखडा जात नाही, पण दुसऱ्याच्या हातून जात असेल. नियम सगळ्यांना सारखा हवा." मी तोंडावर काही बोलले नाही. बोलले असते तर डोक्यावर चढले असते. पण मनात म्हटलं, आहे, माणसात काहीतरी आहे.

आता ह्यांच्या त्या डायरीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

ह्यांच्या खिशात एक छोटी डायरी असते. पानावर तीन उभे रकाने. पांढरे, करडे, काळे. रोज ज्याची छाती साफ केली त्याच्या केसांच्या रंगाप्रमाणे एक रेघ. बाजूला आणखी एक रकाना, पिवळ्या बोटांचा. विडी-सिगारेटवाल्यांची बोटं पिवळी पडतात ना, त्याचा. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "काही नाही, चाळा." मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण रेघा मोजायला शाळा लागत नाही. सुरुवातीच्या डायऱ्यांत पांढऱ्यांच्या रांगाच रांगा, आणि पिवळी बोटं तर जवळजवळ प्रत्येकाला. काळ्यांच्या रकान्यात महिन्याला एखादी रेघ, तीही चुकून आल्यासारखी. मग वर्षं गेली तशी पिवळी बोटं ओसरत गेली आणि काळ्यांचा रकाना भरायला लागला. शेवटी शेवटी तर हे काळ्यांचा रकाना पानावर आधीच रुंद आखून ठेवायला लागले.

ही गोष्ट हॉस्पिटलातल्या एका चष्मेवाल्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेली. त्या जुन्या रोग्यांच्या फायली आणि आताच्या रोग्यांच्या फायली शेजारी शेजारी ठेवून काहीतरी मोठं लिहीत होत्या. पूर्वी बायपास कुणाची व्हायची आणि आता कुणाची होते, कशामुळे होते, असं. एका रविवारी त्या आमच्या घरी आल्या. सोळा डायऱ्या माझ्या शिवणाच्या मशीनवर पसरून बसल्या, चहा गार झाला तरी हात लावला नाही.

"काकू," त्या म्हणाल्या, "फायलींतून मी जे दीड वर्षात काढलं, ते काकांनी रेघांत काढून ठेवलंय. वय खाली आलं, सिगारेट कमी झाली. साखर वाढली, ते तेवढं फायलीत आहे. पण काका, फायलीत नाही असं काही तुम्हाला दिसलं का?"

ह्यांनी डोकं खाजवलं. "पोट," म्हणाले. "पूर्वी माणूस जाड असला तर सगळीकडून जाड असायचा. आता हातपाय काडीसारखे आणि पोट मडक्यासारखं. पूर्वी मी सरळ वस्तरा फिरवत खाली जायचो, आता एका हाताने पोट उचलून धरावं लागतं. तुम्ही लोक वजन करता. काटा म्हणतो ठीक आहे, आणि पोट म्हणतं ठीक नाही. पोट कोण मोजतं?"

डॉक्टरीणबाईंनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. पुढच्या महिन्यापासून हॉस्पिटलच्या फॉर्मवर कमरेच्या मापाची एक ओळ आली. शिंप्याची टेप प्रत्येक वॉर्डात टांगली गेली. हे घरी आले, चपला काढल्या आणि सांगितलं, "आज माझी ओळ छापून आली." एवढंच. दुसरा कुणी असता तर गल्लीत दवंडी पिटली असती. ते काम मी केलं.

तर असा हा माणूस. सगळ्या हॉस्पिटलाने ज्याचं ऐकलं, त्याचं घरात मात्र मी ऐकलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आमचा जावई म्हणजे माझी पसंती. मुलगा लेकीनेच शोधला होता, पण पारखून मी घेतला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचा कोट खुंटीला लावायच्या निमित्ताने मी हुंगून पाहिला. सिगारेटचा वास नाही. दारूचा नाही. बारीक अंगाचा, शांत, मालवाहतुकीच्या कंपनीत संगणकापुढे बसायची नोकरी. परदेशातली जहाजं कुठे पोचली ते बघायचं, म्हणून वेळी-अवेळी फोन. जेवण ताटात कमी आणि टेबलावर जास्त, म्हणजे बिस्किटं, गोड चहा, डब्यातलं उरलंसुरलं, जे हाताला लागेल ते. पण व्यसन म्हणून काही नाही. मी सगळ्या नातलगांना सांगितलं होतं, माझ्या जावयासारखा निर्व्यसनी मुलगा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही.

नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. खोलीत फुगे, पंधरा-वीस माणसं, टेबलावर केक. जावयाने नातीला मेणबत्ती फुंकायला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. खुर्चीच्या पाठीला हात टेकला. मला वाटलं, फोटोसाठी उभा राहिला. ह्यांना तसं वाटलं नाही. हे गर्दीतून सरळ पुढे गेले, त्याची कॉलर मागून जरा खाली केली, मान बघितली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, उद्या माझ्याबरोबर चला. साखर बघू आणि हृदयाची पट्टी काढून घेऊ."

जावई हसला बिचारा. "बाबा, मी सिगारेटला आजवर हात लावला नाही."

"म्हणूनच म्हणतो. हल्ली सिगारेटवाले कमी आणि तुमच्यासारखे जास्त येतात. मानेवर काळी मखमल धरलीय बघा, हे साखरेचं लक्षण. कंबर पण मापून घेऊ. आणि तुमचे वडील पन्नाशीच्या आतच…"

इथे विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचे यजमान एका सकाळी उठलेच नव्हते. त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढत नाही.

"व्याही," त्या म्हणाल्या, "आज लेकराचा वाढदिवस आहे. वस्तरा खाली ठेवून नाडी कधीपासून धरायला लागलात? का आता रोग्यांचे केस पण तुम्हीच काढता आणि रोगी पण तुम्हीच तपासता?"

कुणीतरी मागे फिस्कन हसलं. माझी लेक केक कापायला लागली तर सुरी वाकडी गेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ह्यांच्या कामाचा अपमान झाला म्हणून राग आला का? खरं सांगते, नाही. माझी पसंती चारचौघांत खोटी पाडली म्हणून राग आला. माझा निर्व्यसनी जावई, आणि हे त्याला डायरीतल्या रेघांत बसवायला निघाले!

घरी आल्यावर मी पदर खोचला. "ह्यापुढे जावयाच्या किंवा त्याच्या घरातल्या कुणाच्या तब्येतीबद्दल एक शब्द काढलात तर याद राखा. लेकीचा संसार आहे तो, तुमची ऑपरेशनच्या तयारीची खोली नाही. हाडं मोजता येतात पोराची, आणि म्हणे पोट मापा! उचलली जीभ लावली टाळ्याला."

"अगं, पण…"

"शब्द नाही म्हणजे नाही."

ह्यांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. "बरं," म्हणाले. "त्याला एक शब्द बोलणार नाही."

आणि माणूस शब्दाचा पक्का. तीन आठवडे मूग गिळून बसले. लेकीचा फोन आला की उठून गॅलरीत जायचे. जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसायचे. मी विचारलं, "मीठ कमी आहे का?" तर, "नाही, छान आहे." अहो, मीठ घालायला मी विसरले होते.

तीन आठवड्यांनी माझ्या चष्म्याचा नंबर काढायचा होता. हॉस्पिटलच्याच आवारात डोळ्यांचा विभाग आहे. ह्यांची ड्यूटी, म्हणून लेकीने जावयाला गाडी घेऊन पाठवलं. त्याच्या मनात काही नव्हतं हो. "आई, सावकाश बसा," म्हणून दार उघडून दिलं. डोळे तपासून झाले तेव्हा ह्यांचा निरोप आला, की माझी सुट्टी व्हायला अर्धा तास आहे, खाली गर्दी असते, वर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसा, एकदमच घरी जाऊ.

लिफ्टपुढे रांग होती, म्हणून आम्ही जिन्याने निघालो. पहिल्या वळणावर जावई थांबला आणि भिंतीवरचा हात कसे धुवावेत तो कागद वाचायला लागला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तोच कागद होता, तोही त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मला केवढं कौतुक वाटलं! म्हटलं, वाचनाची काय गोडी आहे पोराला.

बाकावर बसलो. समोर तयारीच्या खोलीचं दार, दाराला पडदा, आणि पडदा अर्धाच ओढलेला. आतलं माणूस दिसत नव्हतं, नुसता मशीनचा आवाज आणि बोलणं. मी एकतीस वर्षांत ह्यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ऐकलंही नव्हतं. घरात चार शब्द बोलायला ज्याचं तोंड दुखतं, तो माणूस आत अखंड बोलत होता. आवाज असा, जसा आपण घाबरलेल्या लेकराला आंघोळ घालताना काढतो.

"हात वर घ्या. शाबास. गार लागेल जरा. काय करता तुम्ही?"

"नकाशे काढतो. इमारतींचे." आवाज तरुण होता.

"वय?"

"एक्केचाळीस."

"सिगारेट?"

"कधीच नाही. दारू पण नाही. लोक मला चिडवायचे, तू कशाला जगतोस म्हणून."

"मग हे कशाने ओढवलं?"

"डॉक्टर म्हणाले, साखर. मला माहीतच नव्हतं, कधी तपासलीच नाही. अंगाने बारीक, मग कशाला तपासायची? वडील लवकर गेले होते. त्यात दिवसभर बूड खुर्चीला, जेवायला वेळ नाही, झोप अर्धी."

"छातीत दुखायचं?"

"छातीत कुठे! तीच तर गंमत. दुखलं असतं तर आलो असतो. मला वाटायचं पित्त आहे. जिना चढलो की जबडा ओढल्यासारखा व्हायचा, दात दुखतोय असं. मी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एक चांगला दात काढून आलो, काका!"

आत दोघंही हसले. मीही तोंडाला पदर लावला. आणि हसता हसता सहज शेजारी बघितलं.

जावई हसत नव्हता. त्याचा डावा हात जबड्यावर होता. बोटं कानाखाली दाबून धरलेली, आणि नजर पडद्यावर. जिन्यातला तो कागद त्याने का वाचला, दोनदा का वाचला, ते माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. माझे डोळे तपासायला पाच मजली इमारत लागली, आणि दिसलं ते ह्या बाकावर.

मी म्हटलं, "जावईबापू, जबडा कधीपासून ओढतो?"

तो दचकला. हात खाली घेतला. "नाही आई, ते दाढ जरा…"

"दाढेचं मला सांगू नका. बत्तीसच्या बत्तीस मी लग्नाआधी मोजलेत. कधीपासून?"

त्याने मान खाली घातली. "तीन महिने. जिना चढताना. लेकीला उचललं तरी होतं. घरात सांगितलं नाही. आईला बाबांचं आठवेल म्हणून."

मी उठले, पडदा बाजूला केला. बाईमाणसाने तिथे जायचं नसतं हे मला कळत होतं. त्या नकाशेवाल्याने घाईने चादर ओढली. "ओढा, ओढा," मी म्हटलं, "मला तुमचं काही बघायचं नाही. अहो, मशीन ठेवा. ह्याचा जबडा ओढतोय."

ह्यांनी मशीन बंद केलं. माझ्याकडे असे बघत राहिले, की मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत होतो. तोंड उघडून तेवढं म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. पण नाही. आधी त्या नकाशेवाल्याच्या अंगावर चादर नीट घातली, "दोन मिनिटं," म्हणाले, आणि जावयाला दंडाला धरून चाकाच्या खुर्चीत बसवलं. तो म्हणाला, "बाबा, मी चालतो." हे म्हणाले, "आज नाही."

चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनीच पट्टी काढली, रक्त घेतलं, कमरेला टेप लावली. साखर एवढी निघाली की त्यांनी दुसऱ्यांदा तपासायला लावली. नळीतून औषध सोडून फोटो काढले. तीन शिरा तुंबलेल्या, त्यातली मुख्य एक जेमतेम धाग्याएवढी उघडी. वय एकोणचाळीस. घरी सोडलंच नाही, ऑपरेशन तिसऱ्या दिवशी ठरलं. मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "तीन आठवडे आधी आला असता तर फरक पडला असता का?"

त्या म्हणाल्या, "काकू, हे तीन आठवडे तो जिने चढत होता आणि तरी काही झालं नाही, हेच नशीब."

ते तीन आठवडे मी घेतले होते. त्यांना ते माहीत नव्हतं. ह्यांना माहीत होतं, आणि ह्यांनी ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही.

त्या दिवशी घरी येताना मी एवढंच विचारलं, "पडदा अर्धाच का होता?"

"कड्या निखळल्यात त्याच्या."

"आणि त्याच बाकावर का बसवलंत? आणि त्या माणसाला इतकं खोदून खोदून का विचारत होतात?"

"सगळ्यांना विचारतो. माणूस बोलत राहिला की भीत नाही." मग म्हणाले, "तू पडदा उघडेपर्यंत जावयाला मी एक शब्द बोललो नाही. मोजून बघ."

मी मोजून बघितलं. खरंच, एक शब्दही बोलले नव्हते. आणि इतकी वर्षं मी ह्यांना सरळ समजत होते!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रश्न आला, जावयाची तयारी कोण करणार. हे म्हणाले, आपल्या माणसावर आपण हात चालवू नये, मी कामावरच्या जोडीदाराला सांगतो. तेवढ्यात विहीणबाई मुख्य सिस्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. रडून रडून डोळे सुजलेले, पण कणा ताठ. "माझ्या मुलाला ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मी कशी राहणार? म्हटलं, "विहीणबाई, वस्तरा नसतो हो आता. मशीन असतं."

त्यांनी माझा हात धरला. "हाणा, विहीणबाई. आज हाणून घ्या. मी त्यांना वाढदिवसाला बोलले, ते माझ्या घशात अडकलंय."

"गिळून टाका," मी म्हटलं. "मी त्यांना त्याहून वाईट बोलले आहे, आणि मी रोज बोलते."

त्या दिवशी पडदा पूर्ण ओढला होता. वीस मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागली. बाहेर आम्ही दोघी बाकावर, मध्ये लेक. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. जो माणूस परक्यांशी अखंड बोलतो, तो आज गप्प होता. फक्त एकदा जावयाचा आवाज आला, "बाबा, भीती वाटते." आणि ह्यांचा, "वाटू दे. मला पण वाटते. पाय सरळ कर." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी एकेरीत बोलले.

बाहेर आले ते हातात चिकटपट्टीचा बोळा घेऊन. सगळे काळे केस. टोपलीत टाकले, कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग माझ्या शेजारी बसले. खिशातून डायरी काढली, पेन काढलं, आणि काही न लिहिता परत ठेवली.

"ही रेघ नाही ओढवत," म्हणाले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण खोटे पडलो असतो तर बरं झालं असतं."

मी ह्यांचे ओले हात पदराने पुसले. मला बोलता येत नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडे आले आहेत.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि आधी ह्यांच्याकडे गेले. आमच्याकडे नाही, विहीणबाईंकडे नाही. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, वेळेत आणलात." मी ते ऐकलं, विहीणबाईंनी ऐकलं, आणि कुणी ऐकलं नसेल तर अजून ऐकवायची माझी तयारी आहे.

सहाव्या दिवशी जावई वॉर्डाच्या लांब व्हरांड्यात चालायला लागला. छातीशी उशी घट्ट धरून, म्हाताऱ्यासारखी पावलं टाकत, पण चालत. नात त्याचं बोट धरून पुढे. हे चार पावलं मागे, हात नुसते पुढे केलेले, पडलाच तर धरायला.

त्याच दिवशी जावयाचा थोरला भाऊ लांबून आला. पंचेचाळिशीचा गडी, हाताने बारीक, पोटाने सुखवस्तू. धाकट्याला बघून डोळे पुसले, मग विहीणबाईंशेजारी बसून मोठमोठ्याने सांगायला लागला, "मला काही होत नाही. मी ठणठणीत. ह्याला लहानपणापासूनच सर्दी-खोकला." बोलता बोलता त्याने रुमालाने मान पुसली. ह्यांची नजर तिथे गेली. ती गेली, आणि मग माझ्याकडे आली. ओठ घट्ट मिटलेले, शाळेतल्या पोरासारखे. माझ्या बंदीचा शब्द अजून पाळत होते, आणि मी तो अजून उठवला नव्हता. एकाच बापाची दोन पोरं, एक उशी धरून चालतोय, आणि दुसरा ठणठणीत असल्याचं सांगतोय.

मी उठले. सगळे होते तिथे, विहीणबाई, लेक, जावई, थोरला, चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई. असू दे म्हटलं. जे चारचौघांत बिघडलं ते चारचौघांतच नीट व्हायला हवं.

"अहो, माझ्याकडे काय बघता? तोंड मी मिटवलं होतं, ते मीच उघडते, ऐका. तुमच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. डॉक्टर फायली चाळतात, मशीनं लावतात, आणि तुम्ही माणूस दारातून आत येईपर्यंत त्याला ओळखता. ह्या पोराचा जीव तुमच्या त्या नजरेने वाचला, आणि माझ्या जिभेने तो तीन आठवडे टांगणीला लावला, हे मी सगळ्यांसमोर सांगते. पण सांगायची अक्कल तुम्हाला देवाने दिली नाही ती नाहीच. केक कापताना कुणी मेलेल्या बापाचं काढतं का? तेव्हा आजपासून असं ठरलं. बघायचं तुम्ही आणि बोलायचं मी. तुम्ही नुसतं मला खुणवायचं, पुढचं मी बघते, आणि मी सांगितलेलं न ऐकायची कुणाची छाती आहे तेही बघते. चला, धरा त्या थोरल्याला, आणि रक्त देऊन झाल्याशिवाय त्याला चहा द्यायचा नाही."